नजर आधी, हात मागून: पण नजरेमुळेच हात वळतो हे दाखवायचं कसं? (मदत हवी आहे)

मंडळी, वाहनचालकाची नजर आणि स्टिअरिंग यांचा संबंध हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. नजरेच्या नोंदींवर काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा, मी खरंच अडले आहे.

सिम्युलेटरमध्ये चालकांना नजर टिपणारा चष्मा दिला आणि स्टिअरिंगचा कोनही नोंदवला. वळणांच्या रस्त्यावर नजर आधी सरकते आणि पाऊण-एक सेकंदाने हात तेच करतात. मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी १९९४ मध्ये 'नेचर'मध्ये हेच दाखवलं होतं. वळणाची आतली कड डोळ्यांना जिथे दिशा बदलताना दिसते, त्या स्पर्शबिंदूकडे चालक वळणात शिरायच्या एक-दोन सेकंद आधीपासून बघू लागतो. गणितही सुंदर आहे: त्या बिंदूचा कोन आणि आतल्या कडेपासूनचं अंतर कळलं की वळणाची वक्रता जवळपास काढता येते.

सरळ रस्त्यावर मात्र हा सहसंबंध पार विरतो. त्याची मला फारशी काळजी नाही, तिथे वळायचंच नसतं.

खरी अडचण वळणांवर आहे. चालक स्पर्शबिंदूकडे बघतोय, की ज्या जागेवरून गाडी न्यायची आहे तिथे? दोन्हींमधला कोन इतका लहान आहे की चष्म्याच्या चुकीतच तो बुडून जातो. शिवाय मार्गदर्शक म्हणतात, नजर आधी म्हणजे नजर हे कारण. मला ते पटत नाही. वळण समोर आलं म्हणून नजरही वळली आणि हातही, असं का नसावं?

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे. कोण आधी आणि कोण नंतर, एवढ्यावरून कारण ठरत नाही. त्यासाठी चालकाला काय दिसू द्यायचं हे तुमच्या हातात हवं. लँड आणि हॉरवुड यांनी १९९५ मध्ये तेच केलं. सिम्युलेटरमध्ये रस्त्याचा एखादाच पट्टा दिसू दिला. फक्त लांबचा पट्टा दिसला तर वळणाचा अंदाज बरोबर येई, पण गाडी लेनमध्ये नीट राहत नसे. फक्त जवळचा दिसला तर लेन सांभाळली जाई, पण स्टिअरिंग झटक्याझटक्याने फिरे. तुमच्याकडे सिम्युलेटर आहेच, असा एक भाग जोडता आला तर प्रबंधाचं वजन वाढेल.

स्पर्शबिंदूचा प्रश्न नुसत्या कोनावरून सोडवू नका, हालचाल बघा. समान त्रिज्येच्या वळणावर, वेग आणि लेनमधली जागा स्थिर असेल तर स्पर्शबिंदू चालकाच्या दृष्टीने एकाच जागी राहतो. गाडी जिथून न्यायची आहे तो रस्त्यावरचा ठिपका मात्र गाडीकडे सरकत येतो. त्यामुळे ठिपक्यावर खिळलेला डोळा आधी त्याच्यासोबत हळूहळू सरकेल आणि मग उडी मारून पुढचा ठिपका पकडेल. ही करवतीसारखी रेघ तुमच्या नोंदीत आहे का ते तपासा. चष्म्याची चूक बहुतेक वेळा एकाच दिशेला ठरावीक असते, सरकण्याच्या वेगावर तिचा परिणाम कमी होतो.

आणि डोळ्याचा कोन एकटा घेऊ नका, त्यात डोक्याचा कोन मिळवा. तीव्र वळणावर चालक मानही वळवतो. आरसा आणि स्पीडोमीटरकडे टाकलेले कटाक्ष आधी बाजूला काढा.

धागाकर्ती

मनापासून आभार! डोक्याचा कोन मी धरलाच नव्हता, तो आजच मिळवते. एक विचारायचं राहिलं: माझ्या बऱ्याच वळणांची त्रिज्या मध्येच बदलते. ती वगळू का?

प्रतिसाद

वगळू नका, वेगळी ठेवा. तिथे स्पर्शबिंदू स्वतःच हलतो, म्हणून ही तपासणी त्यांना लागू नाही. पण नजर हातांच्या किती पुढे असते हे मोजायला तीच वळणं सर्वांत उपयोगी, कारण तिथे स्टिअरिंग सतत बदलावं लागतं.