‘अवतार’ कुठे, कधी आणि कोणत्या चष्म्यातून?

सोसायटी ग्रुप, रविवार, १४ डिसेंबर २०२५

ए-१०३: शुक्रवारी १९ तारखेला ‘अवतार : फायर अँड ॲश’ लागतोय. पोलमध्ये २२ जण झाले, त्यात आठ मुलं आणि तीन ज्येष्ठ. आता शो आणि थिएटर ठरवू. ॲपवर एकाच पिक्चरपुढे इतकी लेबलं आहेत की तिकीट काढतोय की सरकारी फॉर्म भरतोय तेच कळत नाही.

सी-५०३: पूर्वी एकच प्रश्न असायचा, स्टॉल की बाल्कनी.

बी-७०४: काका, लेबलं दोन प्रकारची आहेत. टूडी, थ्रीडी, एचएफआर हे पिक्चर कसा दाखवणार त्याबद्दल. आयमॅक्स, डॉल्बी सिनेमा, फोरडीएक्स हे हॉलबद्दल. आधी पहिलं ठरवा, मग दुसरं.

या पिक्चरला थ्रीडीच घ्या. बरेच पिक्चर टूडीत शूट करतात आणि नंतर कॉम्प्युटरवर थ्रीडी करतात, तिथे पैसे वाया जातात. याचा दिग्दर्शक जेम्स कॅमेरून मात्र पहिल्यापासून दोन डोळ्यांचा विचार करूनच शूट करतो.

ए-१०३: मग जवळ जिथे थ्रीडी असेल तिथे जाऊ. झालं!

बी-७०४: तिथेच फसायला होतं. थ्रीडी म्हणजे उजेडाचा खर्च. साध्या टूडीला पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (हे उजेडाचं माप) उजेड असावा, असं मानक आहे. थ्रीडीत तोच प्रकाश दोन डोळ्यांत वाटला जातो, वर चष्म्याची काच, त्यामुळे साध्या हॉलमध्ये डोळ्यापर्यंत साडेचारच्या आसपास पोचतो. दिवा जुना असेल तर त्याहून कमी. रात्रीचे प्रसंग मग चिखलासारखे दिसतात आणि लोक म्हणतात थ्रीडी वाईट. वाईट थ्रीडी नसतं, दिवा असतो.

डॉल्बी सिनेमात दोन लेसर प्रोजेक्टर असतात, एकेका डोळ्याला एकेक. त्यामुळे थ्रीडीतसुद्धा १४ फूट-लॅम्बर्ट मिळतात, म्हणजे साधा टूडी दिसतो तितकं लख्ख. आणि देशातला पहिला डॉल्बी सिनेमा जुलैत आपल्या पुण्यात खराडीला, सिटी प्राइडमध्येच सुरू झालाय. माझं मत तिथे. फक्त शोपुढे ‘थ्रीडी’ लिहिलंय ना, हे बघूनच पैसे भरा.

बी-३०५: आणि आयमॅक्स? मुलांनी तोच धोशा लावलाय.

बी-७०४: वाईट नाही. पडदा उंच, आवाज दणदणीत. पण आपल्याकडच्या मल्टिप्लेक्समधला आयमॅक्स डिजिटल आहे, पडद्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाण १.९० ला १. परदेशातल्या मोजक्या थिएटरांत १.४३ ला १ असतं, जवळजवळ चौकोनी. रीलमध्ये जे फोटो येतात ते तिथले. आयमॅक्स घ्यायचाच तर शोच्या माहितीत ‘लेसर’ आहे का बघा. जुन्या झेनॉन दिव्याच्या आयमॅक्सपेक्षा चांगला लेसर हॉल थ्रीडीला बरा.

सी-२०१: एचएफआर म्हणजे काय ते पण सांगून टाका, परवापासून तीन जणांनी विचारलंय.

बी-७०४: हाय फ्रेम रेट. साधा सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो. थ्रीडीत वेगवान हालचाल २४ वर तुटक दिसते, डोळ्याला टोचते. म्हणून पाण्यातले, उडण्याचे प्रसंग ४८ वर असतात आणि साध्या बोलण्याच्या प्रसंगांत एकच चित्र दोनदा दाखवून २४ चाच भास ठेवतात. मधेच पडदा टीव्ही मालिकेसारखा गुळगुळीत वाटला तर प्रोजेक्टर बिघडलेला नाही. पाच-दहा मिनिटांत सवय होते.

बी-३०५: फोरडीएक्स? खुर्ची हलते, पाणी उडतं. मुलं खूश होतील.

सी-२०१: दादा, हा पिक्चर तीन तास सतरा मिनिटांचा आहे. दीड तासाच्या मारधाडीला ठीक. एवढा वेळ खुर्चीने पाठीत धपाटे घातले की मुलं मध्यंतरातच घरी चला म्हणतील. पॉपकॉर्न सांडतात ते वेगळं. आणि हलत्या खुर्चीत थ्रीडीचा चष्मा नाकावर टिकत नाही. पाणी नको असेल तर खुर्चीच्या हातावरच्या बटणाने बंद होतं, हलणं बंद होत नाही.

ए-६०२: डॉक्टर म्हणून सांगते. कंबर-मान दुखणारे, हृदयविकाराचे पेशंट, गरोदर स्त्रिया, बसमध्ये उलटी होणारे, कोणीही फोरडीएक्सला जाऊ नये. लहान मुलांना उंचीची आणि वयाची अट असते, ती तिकीट काढण्याआधी वाचा, दारावर वाद नको.

थ्रीडीबद्दलही थोडं. तिरळेपणा किंवा लहानपणापासून एक डोळा आळशी असेल तर मेंदू दोन चित्रं जोडत नाही. अशा माणसाला थ्रीडीत खोली दिसतच नाही, नुसतं सपाट, काळपट चित्र दिसतं. त्यांनी सरळ टूडी घ्यावा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना सहसा अडचण नाही.

सी-५०३: मी टूडी. चष्म्यावर चष्मा म्हणजे नाकाला दुहेरी कर.

ए-६०२: चालेल काका. बाकी नंबरवाल्यांना शक्य असेल तर त्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स बऱ्या. सहा वर्षांखालच्या मुलांना चष्मा मोठा होतो, मागून हेअरबँड लावा. डोकं दुखायला लागलं तर दोन मिनिटं डोळे मिटा. चष्मा काढून पडद्याकडे बघत बसू नका, त्याने जास्त दुखतं.

बी-७०४: चष्म्याचंच आणखी. घरी जुने थ्रीडी चष्मे पडले असतील तर आणू नका. वेगवेगळ्या थिएटरांची पद्धत वेगळी, एकीकडचा चष्मा दुसरीकडे चालेलच असं नाही. डॉल्बीचा तर नक्कीच वेगळा, तो रंग गाळून दोन डोळ्यांची चित्रं वेगळी करतो. हातात आल्यावर उजेडाकडे धरून बघा, ओरखडे असतील तर तिथेच बदला. खिशात मऊ फडकं ठेवा, तेलकट बोटं हा थ्रीडीचा सगळ्यात मोठा शत्रू.

पिक्चर सुरू झाला की एकेक डोळा मिटून बघा. एका डोळ्याने दुहेरी सावली दिसली तर काच खराब. दोन्ही डोळ्यांनी बघताना जवळचं लांब आणि लांबचं जवळ वाटत असेल तर चष्मा उलटा, वरची बाजू खाली करून धरा. तसं नीट दिसलं तर डाव्या-उजव्या डोळ्याच्या चित्रांची प्रोजेक्टरवरच अदलाबदल झालीय. उठून लगेच बाहेरच्या माणसाला सांगा. मध्यंतरापर्यंत थांबलात तर कोणी ऐकत नाही.

ए-१०३: खुर्च्या कुठल्या?

बी-७०४: सगळ्यात मागच्या नकोत, हे पुणेकरांना पटवणं अवघड आहे. हॉलच्या खोलीचे तीन भाग करा, पडद्यापासून दोन भाग सोडून जी रांग येते ती, आणि अगदी मधली. आवाजही साधारण तिथे बसून जुळवतात. आयमॅक्समध्ये रांगा पडद्याजवळच असतात, तिथे शेवटून तिसरी-चौथी. साध्या थ्रीडीचा पडदा चंदेरी असतो, त्याचा उजेड मधेच एकवटतो. कडेच्या खुर्चीवरून अर्धा पडदा काळवंडलेला दिसतो, म्हणून कोपऱ्यातली सीट थ्रीडीला कधीच नाही. मधली मिळत नसेल तर तो शो सोडा, दुसरा बघा.

सी-२०१: नकाशा वाचताना अक्षरांवर जाऊ नका. कुठे ए पुढे असते, कुठे मागे. पडदा कुठे दाखवलाय ते आधी बघा, बऱ्याच ॲपवर तो खाली असतो, म्हणजे वरची रांग मागची.

आता दिवस. पहिल्या शुक्रवार ते रविवार मधल्या सीटा मिळणार नाहीत. २५ ला गुरुवारी नाताळ, त्यामुळे २४ ची संध्याकाळही भरणार. पुढच्या शुक्रवारी, २६ ला, मोठे पडदे दुसऱ्या पिक्चरला वाटले जाऊ शकतात, तेव्हा फार थांबणंही धोक्याचं. उरतात सोमवार २२ आणि मंगळवार २३. शाळांना सुट्टी असेल तर मंगळवारी सकाळचा शो, नाहीतर संध्याकाळी सहाच्या आसपासचा. मंगळवारची सवलत वगैरे धरून चालू नका, मोठ्या पिक्चरला आणि खास हॉलला ती बहुतेक वेळा नसते.

बी-३०५: रात्री दहाचा? ऑफिसवाल्यांना सोपा.

सी-५०३: हिशेब करा. सव्वादहाचा शो, वीस मिनिटं जाहिराती, १९७ मिनिटं पिक्चर, पंधरा मिनिटं मध्यंतर. रात्री दोन वाजून सात मिनिटं. वर मॉलच्या पार्किंगमधून वर यायला वीस. वॉचमनला आधी सांगून ठेवा.

सी-२०१: 😄 काकांचा मुद्दा बरोबर. बुकिंगचं सांगते. एका व्यवहारात दहाच तिकिटं मिळतात. थ्रीडीला १५ असतील तर दोन फोन एकाच वेळी लागतील, एकाने दहा, दुसऱ्याने त्याच रांगेला लागून पाच. सीट निवडल्यावर पैसे भरायला मोजकी मिनिटं मिळतात, म्हणून यूपीआयची मर्यादा आधी तपासा. १५ तिकिटांचे पैसे अडकले की सीटा सुटतात.

शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी सप्टेंबरपासून ५ टक्के झालाय, त्याहून महाग तिकिटावर १८ च आहे. या पिक्चरचं तिकीट शंभरात येणार नाही. ॲपचं सुविधा शुल्क प्रत्येक तिकिटामागे लागतं. ते घेण्यावर राज्य सरकारने घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत रद्द केली, त्यामुळे ॲपशी भांडू नका. वाचवायचं असेल तर कोणीतरी खिडकीवर जाऊन तिकिटं काढा. खराडी जवळच आहे.

ए-६०२: सर्टिफिकेटही बघा. आता यूए ७, १३, १६ असे तीन प्रकार आहेत. तो आकडा पालकांना सल्ला असतो, पालक सोबत असतील तर लहानाला अडवत नाहीत. ‘ए’ असेल तर मात्र अठराखालच्याला आई-बाबांसोबतही सोडत नाहीत. चार-पाच वर्षांच्या मुलांना साडेतीन तास मी स्वतः बसवणार नाही.

ए-१०३: ठीक. मंगळवार २३, डॉल्बी थ्रीडी, १५ जण. टूडी हिंदी, सोमवार दुपार: तीन ज्येष्ठ, दोन छोटी मुलं आणि त्यांचे आईवडील. टूडीचे शो मोजकेच असतात, वेळापत्रक आलं की लगेच टाकते. काका, हिंदी चालेल ना?

सी-५०३: निळी माणसं मधूनमधून त्यांच्या भाषेत बोलणार, तिथे सबटायटलच वाचायची आहेत. चालेल. फक्त कडेची खुर्ची द्या, टूडीला कडेची चालते ना, आणि मला मध्यंतराआधी उठावं लागतं.

बी-७०४: टूडीला चालते काका. तिथे एकच बघा, चष्म्याशिवायही पडदा मळकट दिसला तर आधीच्या शोचा थ्रीडीचा फिल्टर प्रोजेक्टरपुढून काढायचा राहिला असेल. सांगितलं की काढतात.

सी-२०१: मंगळवारच्या टीमने रात्री नऊपर्यंत पैसे टाका. बुकिंगचा पहिला फोन माझा. दुसरा कोणाचा?