मदत हवी आहे: स्लाइड आणि निगेटिव्ह पाहण्यासाठी लाइट बॉक्स कोणता घ्यावा?

वडिलांच्या कपाटात ३५ मिमी निगेटिव्हच्या चाळीसेक पट्ट्या, दोन डबे रंगीत स्लाइड आणि १२० फिल्मच्या (३५ मिमीपेक्षा रुंद फिल्म) थोड्या ६×६ सेंमी निगेटिव्ह सापडल्या. आधी लूपने (फिल्म पाहायच्या छोट्या भिंगाने) नीट पाहून निवड करायची, मग निवडलेल्या तेवढ्या मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून फोटो काढायच्या) कॅमेऱ्यात उतरवायच्या, असा बेत आहे. मूळ फिल्म कुणाच्या हाती द्यायची नाही, त्यामुळे लॅबचा पर्याय नको. कॅमेरा, लेन्स, स्टँड आहे. अडलंय ते फक्त प्रकाशावर.

टॅबलेटवर पांढरा स्क्रीन लावून पाहिला. लूपमधून पिक्सेलची जाळी दिसते. मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक ठेवून फिल्म दोन सेंटिमीटर वर उचलली तर जाळी जाते, पण उजेड फार कमी पडतो. मग चित्रं गिरवायचा ए४ एलईडी पॅड आणला. कृष्णधवलला तो ठीक आहे, पण स्लाइडमधले चेहरे हिरवट दिसतात. तीच स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली की चेहऱ्यांचा रंग चांगला दिसतो, म्हणजे दोष फिल्मचा नाही. शिवाय पॅडचा उजेड कमी केला की फोटोत आडवे पट्टे येतात. पूर्ण उजेडावर येत नाहीत.

५००० केल्विन (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रकाश) आणि ९५च्या वर सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, कमाल १००) हवा, एवढं कळलंय. ए५ आकार पुरेल. बजेट सहा हजार.

एवढ्यात खास फिल्मसाठीचा लाइट बॉक्स मिळेल का? की ९५ सीआरआयचा व्हिडिओ एलईडी पॅनल आडवा ठेवून वर दुधी अ‍ॅक्रिलिक लावलं, तर कडेपर्यंत सारखा उजेड मिळतो? कुणी प्रत्यक्ष वापरलाय का, आणि पॅनल व अ‍ॅक्रिलिकमध्ये किती अंतर ठेवलंत?