सड्यावरच्या रस्त्यात सापडलेले दगड : आधी खडी वगळा

कुणीतरी राजापूरकडच्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, मातीच्या रस्त्यावरच्या धारदार दगडांचे फोटो टाकून 'ही अश्मयुगीन हत्यारंच ना?' असं विचारलंय. पहिले दोन मला साधी खडीच वाटतात. रोलर आणि जेसीबीखाली काळा पाषाणही मस्त धारदार फुटतो. मीही एकदा असाच खिसा भरून घरी आलो होतो, आईने ती 'हत्यारं' तुळशीखाली पसरली.

तिसरा मात्र वेगळा. मधाच्या रंगाची अर्धपारदर्शक गार (गारगोटीसारखा दगड), जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी. जांभ्यात अशी गार तयार होत नाही, म्हणजे ती कुणीतरी आणली किंवा भरावाच्या मातीतून आली. रस्त्याचा मुरूम कुठल्या खाणीतला, हे आधी गावात विचारा. मग तो कपचा (दगडाचा उडालेला पातळ तुकडा) तिरप्या उन्हात धरा. एका टोकाला आघाताचा फुगवटा (ठोका बसला तिथला उंचवटा) आणि त्यापासून पसरणाऱ्या लाटा दिसतात का? पाठीवर आधी काढलेल्या कपच्यांचे समांतर व्रण असतील तर सूक्ष्मास्त्राची, म्हणजे अश्मयुगीन बारीक दगडी हत्याराची, शक्यता बरीच वाढते. पण चकमकीची गारही अशीच फुटते, आणि आपले आजे-पणजे तिच्यावर विडी पेटवायचे!

कोकणात हत्यारं मिळतात यात शंका नाही. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेतल्या उत्खननात ती मिळालीच आहेत. पण तिथे मातीचा न हललेला थर होता, इथे रस्ता. एकट्या कपच्यावरून काळ सांगता येणार नाही. पुढच्या वेळी उचलण्याआधी शेजारी नाणं ठेवून जागेवरच फोटो काढा, लोकेशन नोंदवा आणि रस्त्याच्या कडेची न हललेली माती बघा. तिथेही कपचे दिसले तर रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवा.