कान्हेरीला आईबाबांना आणि लहान मुलाला नेऊ का? पाट्या वाचून टेन्शन आलंय

नाशिककर_बोरिवलीत:
नमस्कार मंडळी, आईबाबा आलेत नाशिकहून, बाबांना कान्हेरीची लेणी बघायचीच आहेत आणि सोबत माझा ५ वर्षांचा मुलगा. लेणी बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या आत आहेत, काल त्याच्या गेटवर गेलो तर सोमवार म्हणून बंद, मग तिथल्या पाट्या वाचत बसलो. मुलांना एकटं सोडू नका, ओढ्यात उतरू नका, माकडांना खायला देऊ नका... आई म्हणते बिबटे आहेत तर जायचंच कशाला. आणि तिचे गुडघेही दुखतात. जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

पहाटफेरी:
बिनधास्त जा, पण सकाळी लवकर. बिबटे आहेतच, २०१८ च्या कॅमेरा ट्रॅप (जंगलात लावलेले, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) मोजणीत पार्क आणि आजूबाजूचा भाग धरून ४७ मिळाले होते, पण तो दिवसा माणसांच्या गर्दीत सहसा येत नाही. मुलाला मात्र मागे रेंगाळू देऊ नका, दोघा मोठ्यांच्या मध्ये चालवा. आणि झाडीच्या कडेला वाकून किंवा उकिडवं बसायचं नाही, बसलेला माणूस त्याला छोटं जनावर वाटू शकतो.
आईंसाठी पार्कची बस घ्या, गेटपासून लेणी ६-७ किमी आहेत. गाडी आत सोडतात की नाही हा नियम बदलत असतो, आदल्या दिवशी विचारा. लेण्यांचं तिकीट वेगळं, पुरातत्त्व खात्याचं.

पाड्यावरची:
दादा, माकडांची पाटी लोक हसण्यावारी नेतात म्हणून लिहितेय. आमचा पाडा जंगलातच आहे. तुम्ही वेफरचं पाकीट टाकलं की माकडं येतात, उरलेलं खायला कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. तुम्ही संध्याकाळी घरी जाता, आमची पोरं रात्री तिथूनच ये-जा करतात. डबा न्या पण बसच्या स्टॉपवर उघडू नका, आणि कचरा पिशवीत भरून परत न्या एवढीच विनंती.

भिजलेली_वही:
ओढ्याचं मी सांगतो कारण आमच्यावर बेतलं होतं. कॉलेजात असताना जुलैमध्ये लेण्यांमधल्या घळीत उतरलो, पाणी घोट्याएवढं, ऊन पडलेलं, आणि वर डोंगरात कुठेतरी सर आली असणार कारण पाचेक मिनिटांत पाणी मांडीपर्यंत, रंग एकदम मातकट. तिथे सगळा उघडा कातळ आहे, माती नाहीच म्हणायला, पाणी मुरणार कुठे, सरळ घळीत उतरतं. एक मित्र शेवाळावरून घसरला, दुसऱ्याने बॅगेच्या पट्ट्याला धरून ओढला म्हणून वाचला. अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो. पाणी गढूळ दिसलं किंवा त्यात पालापाचोळा वाहून यायला लागला की लगेच वर यायचं, मोबाईल चप्पल काही राहिलं तरी राहू दे.
आईंना १०९ लेणी फिरवू नका. तिसऱ्या नंबरचं चैत्यगृह (आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं) सुरुवातीलाच आहे, त्याच्या व्हरांड्यातल्या वीसेक फुटी बुद्धमूर्ती बघून त्या तिथेच बसू शकतील. पुढच्या पायऱ्या पावसात फार निसरड्या, बाबांना काठी द्या.

नाशिककर_बोरिवलीत:
खूप आभार सगळ्यांचे. ताई, तुमचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली डबाच नको, घरी येऊन जेवू. बुधवारी पहिल्या बसने जातोय, जोरात पाऊस असला तर पुढे ढकलू. वन खात्याचा १९२६ हेल्पलाइन नंबर सेव्ह केलाय.