हातोड्याच्या आकड्यावर मोरी पास करू नका

खाडीलगतच्या स्लॅबच्या मोरीवर (रस्त्याखालच्या छोट्या पुलावर) रिबाउंड हॅमरचा, म्हणजे उसळीवरून काँक्रीटचा कडकपणा मोजणाऱ्या हातोड्याचा, आकडा चांगला आला, की चिऱ्याचे ट्रक खुशाल जाऊ द्यावेत, असा सल्ला एकाने दिलाय. मला हे पटत नाही.

जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कडक होतो, त्यामुळे हॅमर मुळातच चढा आकडा दाखवतो. आतल्या सळीबद्दल तर तो काहीच सांगत नाही. आपल्या किनाऱ्यावर खरा घात क्षार करतात. फिनॉल्फथॅलिन हे रसायन लावून गुलाबी रंग आला, म्हणजे तिथे कार्बोनेशन नाही असं दिसलं, तरी निर्धास्त होऊ नये, त्या चाचणीत क्षारांतलं क्लोराइड दिसत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून तपासावी लागते. सळीचं विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीचं रीडिंग उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर सळी गंजत असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त धरतात.

ओहोटीला खाली उतरून स्लॅबचा तळ बघा. पोपडा सुटला असेल तिथे सळी घासून कॅलिपरने मोजा आणि उरलेल्या व्यासावरच गणित करा, जुन्या नकाशातल्या नव्हे. 16 मिमीची सळी 13 वर आली की एक तृतीयांश पोलाद गेलंच.

एवढ्या लहान गाळ्यात (दोन आधारांमधल्या अंतरात) ट्रकच्या एकूण वजनापेक्षा एका आसावरचा भार महत्त्वाचा. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) पुलांसाठीच्या क्लास ए या प्रमाण भारात सर्वांत जड आस 11.4 टनांचा आहे. भरून निघालेल्या चिऱ्याच्या ट्रकचा मागचा आस एकदा काट्यावर तोलून बघाच. पाया खरवडला गेलाय का, तेही पावसाळ्यानंतर पाहायला हवं. महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल 2016 च्या ऑगस्टमध्ये पुरातच गेला होता.