मदत हवी आहे: एमएसचे ईडीएसएस ३.५, मग अपंगत्व २५ टक्केच कसं?

परळकर_पमा: ताईला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) आहे. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या मेडिकल बोर्डाने चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली आणि २५ टक्के लिहून दिले. न्यूरॉलॉजिस्टच्या कागदावर ईडीएसएस (एमएस किती वाढलाय त्याचा आकडा) ३.५ आहे. दहापैकी साडेतीन म्हणजे ३५ ना? ४० हवेत, तिची बदली अडलीये. अपिलात काय लिहू? लवकर सांगा.

गिरगावचा_बाळू: ४० झाले की जुन्या करपद्धतीत इन्कम टॅक्समध्ये ७५ हजारांची वजावट मिळते. सीए गाठा.

फिजिओवाली: ईडीएसएस म्हणजे टक्के नव्हेत हो. कर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली ० ते १० ची पट्टी आहे, पायऱ्या अर्ध्या-अर्ध्या, पण सारख्या अंतराच्या नाहीत. ४ पासून सगळा भर चालण्यावर: आधाराशिवाय, न थांबता साधारण ५०० मीटर म्हणजे ४, काठी घेऊन १०० मीटर म्हणजे ६. बोर्ड ताकद, तोल, नजर वेगवेगळं बघतं. एमएसचा शेवटचा अटॅक (लक्षणं अचानक वाढणं) कधी? डोळे कसे?

परळकर_पमा: अटॅक गणपतीत, सलाईनमधून स्टिरॉइड झालं. उजवा डोळा अंधुक आहे, पण ते जुनंच. दुपारनंतर थकव्याने भांडंही उचलत नाही. बोर्ड सकाळी होतं, तेव्हा ठणठणीत!

सायनची_सुमा: अनुलोम-विलोम करा. माझ्या जावेचा संधिवात पळाला.

माहीमकर: सुमाताई, संधिवात कुठून आणलात? पमा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस नावानिशी आहे, बोर्डाला ४० द्यावेच लागतील.

फिजिओवाली: नाव आहे म्हणून टक्के मिळत नाहीत, दादा. पमा, डोळा जुना म्हणून सोडलात? नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टीचे टक्के घ्या. मात्र साधी बेरीज नसते: मोठा आकडा अ, लहान ब, तर अ + ब × (९० − अ) ÷ ९०. समजा २५ आणि २०, तर ४५ नाही, साधारण ३९.

माहीमकर: म्हणजे एका टक्क्यासाठी लटकवणार! माझ्या मिसेसच्या वेळी नाइन होल पेग (हाताची चाचणी), २५ फूट चालणं, एसडीएमटी (डोकं किती झटपट चालतं त्याची चाचणी), सगळं जोडलं होतं. हात आणि डोकं किती चालतं ते ईडीएसएसमध्ये नीट येतच नाही.

फिजिओवाली: जोडा, पण बोर्ड त्याला टक्के देईलच असं नाही. अटॅक पुरता ओसरल्यावर पुन्हा तपासणी मागा आणि न्यूरॉलॉजिस्टकडून थकव्याचं, लघवीचा त्रास असल्यास त्याचंही लिहून घ्या.

परळकर_पमा: लघवीचं ती मला सांगतच नाही. आज विचारते. डोळे तिथे कुणी पाहिलेच नाहीत.

गिरगावचा_बाळू: माझं यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) पांढरं आहे, ४० च्या खाली. लोकलच्या दिव्यांग डब्यात टीसी चालवून घेतो का?