शब्दचर्चा: द्विवार्षिक का द्विवर्षायू?

ईव्हिनिंग प्रिमरोजचं बी मिळालंय, पाकिटावर बायेनियल लिहिलंय. मराठीत द्विवार्षिक म्हणायचं का? आणि फुलाला गुलबक्षी म्हणलं तर चालेल का, दोन्ही संध्याकाळीच उमलतात. सोलापुरात येईल का हे?

— ताई, द्विवार्षिक नको, ते दर दोन वर्षांनी होणाऱ्या निवडणुकीला वगैरे. झाडाला द्विवर्षायू. आपल्या मार्केट यार्डात गाड्या भरभरून येतो तो कांदा द्विवर्षायूच आहे की ओ. पहिल्या हंगामात पात आणि गड्डा, तोच गड्डा परत लावला की पोकळ दांडा वर येतो, गोंडा धरतो, बी देतो आणि संपतो. थंडीनं पहिल्याच हंगामात दांडा निघाला की शेतकरी कपाळाला हात लावतो, डेंगळे आले म्हणून. प्रिमरोजचं पण तसंच, पहिल्या वर्षी नुसती जमिनीला चिकटून पसरलेली पानं आणि खाली सोटमूळ, दुसऱ्या वर्षी छातीएवढा दांडा, फुलं, बी, खेळ खल्लास.

— गुलबक्षी अजिबात नको! तिचं फूल एकसंध कर्ण्यासारखं आणि बी काळ्या मिरीएवढं. ह्याच्या चार सुट्या पिवळ्या पाकळ्या, मधे फुलीसारखं चार फाट्यांचं टोक. पराग बोटाला लावून बघा, धाग्यात ओवल्यासारखे लोंबत येतात. अंधार पडताना कळी बघता बघता उघडते, रात्री पतंग येतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मान टाकते. आणि नावात प्रिमरोज असलं तरी खऱ्या प्रिमरोजशी नातं नाही, हे पाणलवंगेच्या कुळातलं, मूळचं उत्तर अमेरिकेचं. ह्याच्याच एका भावंडावरून डच शास्त्रज्ञ ह्युगो द व्रीजनं १९०१ च्या सुमारास उत्परिवर्तनाचा (म्युटेशन, म्हणजे आनुवंशिक गुणात अचानक होणारा बदल) सिद्धांत मांडला. मी तर आपलं सांजपिवळी म्हणते, कोशात नसलं म्हणून काय झालं, पण पाटीवर ऑईनोथेरा बायेनिस हे शास्त्रीय नाव पण लिहा नायतर लोक गुलबक्षीच समजतील.

— नाव काही ठेवा, बी पुरू नका तेवढं. उगवायला उजेड लागतो, म्हणून वरच भुरभुरायचं आणि हातानं दाबायचं. नुसत्या काळ्या मातीत पाणी तुंबून मूळ कुजतं, वाळू मिसळा. कुंडी खोल घ्या, सोटमूळ असल्यामुळं रोप मोठं झाल्यावर हलवलं की रुसतं. गणपती झाल्यावर पेरा म्हणजे थंडीपर्यंत पानांचा घेर तयार होईल, कारण दांडा यायला थंडी लागते आणि आपल्याकडं ती पडते किती हे माहितीच आहे. एप्रिल-मेचं ऊन चाळिशीच्या वर जातं तेव्हा दुपारची सावली द्यायला लागेल. फुललं तर फोटो टाका, नाही फुललं तर पानांचा टाका.